खंडाच्या काठची ठिगळे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



बक्षीस समारंभ अजून व्हावयाचा आहे आणि टेबलावर मांडलेल्या ढालींकडे मुलांचे डोळे लागलेले मला इथून स्पष्ट दिसत आहेत. अशा वेळी दगडधोंड्यांवर बोलणारा माणूस उभा करणे हे संस्थेच्या चालकांचे धाडसच म्हणावे लागेल. त्यांनी मला एवढेच बजावले की, पाठ्यपुस्तकात आहे तेच पुन्हा सांगू नका. म्हणून पुस्तक जेथे थांबते तेथून मी सुरुवात करतो.

पुस्तकात काय असते? आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली खंडे सरकतात असे सांगितले. लोक हसले. पुढे १९६० नंतर समुद्रतळाचा अभ्यास झाला आणि तो बरोबर होता असे ठरले. पृथ्वीचे कवच आणि त्याखालचा कठीण थर मिळून मोठमोठे भूपट्ट झाले आहेत, ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, आणि खंडे त्यांच्या पाठीवर बसून प्रवास करतात. येथवर सर्व ठीक. पण नकाशात ही खंडे ताटातल्या भाकऱ्यांसारखी अखंड, गोल गरगरीत दाखवलेली असतात. प्रत्यक्षात खंडांच्या कडा तशा नाहीत. त्या गोधडीसारख्या आहेत.

आपल्या घरातली गोधडी आठवा. मधला भाग एका मोठ्या जुन्या कापडाचा. काठाला मात्र एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक वडिलांच्या लुंगीचा, एक कुणाच्या तरी फ्रॉकचा. प्रत्येकाची वीण वेगळी, छपाई वेगळी, वय वेगळे. दोन तुकडे शेजारी आहेत म्हणून ते एकाच ताग्यातून फाडले असे कोणी म्हणणार नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम काठावर, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत, असेच तुकडे एकाशेजारी एक लागलेले आहेत. शास्त्रज्ञ अशा तुकड्याला 'टेरेन' म्हणतात. मी साध्या भाषेत 'उपरा तुकडा' म्हणेन, कारण तो जेथे दिसतो तेथला तो नसतो.

पूर्वी असे मानत असत की, झाडाच्या खोडाला जसे बाहेरून एकेक वलय चढते तसे खंड वाढते. मध्ये जुना गाभा, बाहेर नवे खडक, आणि हे नवे खडक त्याच खंडाच्या किनाऱ्यावर साचलेले. ही कल्पना सोपी होती, नीटनेटकी होती, आणि बऱ्याच ठिकाणी खरी दिसतही होती. पण पश्चिम अमेरिकेचे नकाशे काढणाऱ्यांना एक अडचण सारखी येत असे. एका डोंगरात चुनखडकाचा थर असावा, शेजारच्या डोंगरात त्याच वयाचा लाव्हा असावा, आणि मध्ये हळूहळू बदल होण्याऐवजी एकदम एक भेग यावी. भेगेच्या अलीकडचा इतिहास निराळा, पलीकडचा निराळा. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस क्लॅमथ पर्वत आहेत. तेथे पोर्टर आयर्विन यांनी अशा प्रत्येक पट्ट्याला 'टेरेन' हे नाव देऊन त्यांची वेगवेगळी नोंद केली. त्यांचा १९७२ चा लेख आजही या विषयाचा पाया समजला जातो.

मग हे तुकडे दूरवरून आले असे कशावरून? दगड तर बोलत नाही. पण साक्षीदार असतात.

पहिला साक्षीदार जीवाश्म. पुराजीव काळाच्या अखेरीस समुद्रात फ्युसुलिनिड नावाचे एकपेशीय जीव राहत. एकपेशीय असले तरी त्यांचे कवच गव्हाच्या दाण्याएवढे असे आणि आकारही तसाच. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी ते समूळ नष्ट झाले. या जीवांच्या जाती प्रदेशाप्रमाणे वेगळ्या होत्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॅश क्रीक नावाचा एक पट्टा आहे. त्याच्या चुनखडकातले फ्युसुलिनिड चीन, जपान या बाजूच्या उष्ण समुद्रातल्या जातींशी जुळतात, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असलेले मात्र वेगळे. मॉंगर आणि रॉस यांनी १९७१ साली ही गोष्ट ठळकपणे मांडली. तिखट पुलावाच्या हंडीत मधेच गोड शिऱ्याचा थर सापडावा, तसा हा प्रकार होता. तो तेथेच शिजला असे म्हणणे कठीण.

दुसरा साक्षीदार खडकांचा क्रम. येथे मी ज्या तुकड्याची गोष्ट मुख्यतः सांगणार आहे त्याचे नाव घेतो: रँगेलिया. अलास्कातल्या रँगेल पर्वतावरून हे नाव आले, आणि पर्वताला नाव मिळाले ते अलास्का रशियाच्या ताब्यात असताना तेथे गव्हर्नर असलेल्या फर्डिनांड फोन रँगेल यांच्यावरून. या तुकड्यात सर्वांत खाली एका जुन्या ज्वालामुखी बेटांच्या माळेचे खडक आहेत. त्यांच्यावर बेसाल्टचे थरावर थर. व्हँकुव्हर बेटावर या बेसाल्टची जाडी सुमारे सहा किलोमीटर भरते. हा लाव्हा साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी, भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने फार थोड्या काळात, बाहेर पडला. त्याच्यावर चुनखडक. हा बेटे, बेसाल्ट, चुनखडक असा क्रम मध्य अलास्कापासून व्हँकुव्हर बेटापर्यंत, सुमारे २३०० किलोमीटरच्या पट्ट्यात, तुटक तुटक सापडतो. शेजारच्या खडकांत तो नाही. डेव्हिड जोन्स, नॉर्मन सिल्बरलिंग आणि जॉन हिलहाउस यांनी १९७७ साली सांगितले की, हे सगळे एकाच तुकड्याचे फाटलेले भाग आहेत. ओरेगॉन आणि आयडाहो राज्यांच्या सीमेवरचा भागही त्यांनी त्यात धरला होता. तो वेगळा तुकडा असावा असे पुढे बऱ्याच अभ्यासकांचे मत झाले. शास्त्रात असे चालतेच.

आता तिसरा साक्षीदार, आणि माझ्या मते सर्वांत हुशार. पण त्याच्या जबानीत एक खोच आहे.

लाव्हा तापलेला असतो तेव्हा त्यातल्या लोहखनिजाला दिशा नसते. तो निवत गेला आणि साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने कायमचे बांधले जातात. जणू कोट्यवधी बारीक होकायंत्रे दगडात गोठली. होकायंत्राची सुई मोकळी टांगली तर ती केवळ उत्तर दाखवीत नाही, खालीवर झुकतेही. विषुववृत्ताजवळ ती आडवी राहते, ध्रुवाजवळ उभी होते. म्हणजे दगडातल्या सुईचा झोक मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर निवला ते कळते. १५ अंशांवर निवलेल्या लाव्ह्यात झोक सुमारे २८ अंश असतो. रँगेल पर्वताच्या आजच्या अक्षांशावर निवला असता तर तो ७५ अंशांच्या आसपास असता. एवढा मोठा फरक मोजण्यात चुकणे शक्य नाही.

हिलहाउस यांनी अलास्कातला बेसाल्ट मोजला. उत्तर आले: विषुववृत्तापासून सुमारे १५ अंश. बर्फाच्या राज्यात उभा असलेला डोंगर उष्ण कटिबंधात जन्मला होता. उत्तर अमेरिका त्या काळी स्वतः कोठे होती हे हिशेबात घेतले, तरी खंडाच्या मानाने हा तुकडा निदान ३ हजार किलोमीटर वर आला आहे.

खोच अशी की, पृथ्वीचे चुंबकक्षेत्र अधूनमधून उलटते, उत्तरेचे दक्षिण होते. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही आणि जो वाटेत गरगर फिरलाही असेल, अशा सुट्या तुकड्याच्या बाबतीत १५ अंश उत्तर की १५ अंश दक्षिण, हे नुसत्या झोकावरून सांगता येत नाही. आज बहुतेकांचा कल उत्तर गोलार्धाकडे आहे, पण दगडाने स्वतः तसे सांगितलेले नाही.

या चुंबकाच्या गोष्टीचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी येऊन पोचतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एडवर्ड अर्विंग हा इंग्लंडमधला एक तरुण १९५० च्या सुमारास केंब्रिजला संशोधन करीत होता. खंडे सरकतात की नाही हे पाहावयाचे तर भारताचा दगड मोजावा, कारण वेगेनरच्या मते भारत सर्वांत लांब सरकला, अशी कल्पना निघाली. त्याप्रमाणे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने त्याच्याकडे गेले. घाटात, किल्ल्यांच्या कड्यांत, आपल्या घरांच्या जोत्यांत जो दगड आहे, तोच. त्याच्या मोजमापाने दाखवले की, हा लाव्हा निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होता. १९५४ साली अर्विंगने प्रबंध सादर केला आणि परीक्षकांनी तो नापास केला. पीएच. डी. मिळाली नाही. तो ऑस्ट्रेलियाला गेला, मोजमापे चालू ठेवली, पुढे कॅनडात स्थायिक झाला. केंब्रिजनेच त्याला नंतर, १९६५ मध्ये, त्याहून वरची पदवी दिली. आणि हाच अर्विंग १९८० साली योल यांच्याबरोबर व्हँकुव्हर बेटावरच्या रँगेलियाच्या बेसाल्टवर लेख लिहितो, तोही दगड कमी अक्षांशावरून आला असे दाखवतो. २०१४ साली तो वारला. आपला कातळ आणि रँगेलियाचा कातळ यांच्यात १६ कोटी वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेले.

असो. तुकडे दूरवरून आले हे मानले. मग ते चिकटतात कसे?

घरी गेल्यावर एक प्रयोग करा. कपाटाखाली जेमतेम फट असते. जमिनीवर चटई पसरा, तिच्यावर थोडी राख किंवा भुसा टाका, आणि मध्ये एक पितळी लोटा ठेवा. आता चटई हळूहळू कपाटाखाली सरकवा. चटई निमूट आत जाते. भुसा कपाटाच्या कडेला खरवडला जाऊन त्याचा ढीग होतो. लोटा मात्र कपाटाला येऊन अडतो. तो आत जाऊ शकत नाही. अजून ओढलीत तर चटई लोट्याखालून निसटून पुढे जाईल, लोटा तेथेच राहील.

समुद्रतळ म्हणजे ही चटई. त्याचे कवच सुमारे सात किलोमीटर जाड, जुने झाल्यावर थंड आणि जड होते, आणि खंडाच्या काठाखाली बुडते. त्यावरचा चिखल, वाळू, खोल पाण्यातला गारगोटीसारखा चर्ट, हा आपला भुसा. तो खरवडून काठाला साचतो. सॅन फ्रान्सिस्को शहराभोवतालचे पुष्कळ खडक या जातीचे आहेत. लोटा म्हणजे बेटांची माळ, खंडाचा फाटलेला पोपडा, किंवा रँगेलियासारखे लाव्ह्याचे पठार. पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटांच्या उत्तरेस ऑन्टॉन्ग जावा नावाचे पाण्याखालचे पठार आहे. त्याच्या कवचाची जाडी ३० किलोमीटरहून अधिक आहे. एवढा जाड आणि त्या मानाने हलका तुकडा सहजासहजी बुडत नाही. तो काठाला धडकतो, दबतो, चुरगळतो, त्याचा वरचा भाग सोलून खंडावर चढतो, आणि समुद्रतळाला बुडण्यासाठी मागे नवी जागा शोधावी लागते. ऑन्टॉन्ग जावाची सॉलोमन बेटांशी गाठ पडलेलीच आहे.

वेगाचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. वर्षाला पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपले नख वाढते त्या बेताने. एका लाख वर्षांत पाच किलोमीटर. एका कोटीत ५००. सहा कोटी वर्षे मिळाली तर ३ हजार किलोमीटर झाले. घाई करावी लागत नाही.

दोन तुकडे केव्हा जोडले गेले हेही काढता येते, आणि ही रीत मला फार आवडते. शिवणीवरून कळते. दोन तुकड्यांमधल्या भेगेला छेदून, दोघांतही शिरलेला ग्रॅनाइट सापडला तर तो निवण्यापूर्वी ते जोडलेले असलेच पाहिजेत. रँगेलियाच्या शेजारी अलेक्झांडर नावाचा दुसरा उपरा तुकडा आहे. रँगेल पर्वतात सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटने या दोघांना टाका घातलेला आहे. म्हणजे खंडाला लागण्याच्या पुष्कळ आधी, भर समुद्रात, या दोघांची सोयरीक झालेली होती. दुसरी खूण म्हणजे दोन्हींवर अंथरलेला एकच गाळ, किंवा एकाच्या गाळात दुसऱ्याचे गोटे.

१९८० साली पीटर कोनी, जोन्स आणि मॉंगर यांनी सगळा पश्चिम पट्टा एकत्र मांडला आणि लिहिले की, त्याचा ७० टक्क्यांहून अधिक भाग अशा 'संशयित' तुकड्यांचा आहे. संशयित हा शब्द पोलिसी वाटतो, पण तो प्रामाणिक आहे. तुकडा परका असल्याचा संशय आहे, गुन्हा शाबीत व्हायचा आहे.

पालक मंडळींच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल की, मास्तर, याचा उपयोग काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली तांब्याची. रँगेल पर्वतात बेसाल्ट आणि त्यावरचा चुनखडक जेथे मिळतात, तेथे बेसाल्टमधून विरघळून आलेले तांबे चुनखडकात साठले. तेथल्या आहत्ना लोकांना हे तांबे पूर्वीपासून माहीत होते. बेसाल्टच्या या थराला भूगर्भशास्त्रात जे निकोलाई नाव आहे ते त्यांच्याच एका प्रमुखाचे. १९११ ते १९३८ या काळात केनिकॉट येथे खाण चालली, तिच्यासाठी बर्फातून, नद्यांवरून ३०० किलोमीटरहून लांब रेल्वे घातली गेली. काही खनिजात तांब्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत होते. उष्ण कटिबंधातल्या लाव्ह्याचे तांबे अलास्काच्या हिमनदीशेजारी खणून काढले, असा हा मामला.

दुसरी गोष्ट शिवणीची, आणि ती जास्त महत्त्वाची. तुकडा चिकटला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो काठावरून पुढे सरपटतो, तुटतो, त्याचे भाग लांबवर पसरतात. मध्य अलास्कात रँगेलियाच्या उत्तर सीमेवर देनाली नावाचा विभंग आहे. १९७० नंतरच्या दशकात अलास्कातून तेलाची मोठी नळवाहिनी घालावयाची होती आणि ती या विभंगावरून जाणे भाग होते. भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगितले की, येथे जमीन एकदम सहा मीटरपर्यंत बाजूला सरकू शकते. म्हणून तेवढ्या भागात नळ जमिनीत पुरला नाही. तो आडव्या लांब तुळयांवर, सरकत्या बैठकींवर नागमोडी ठेवला. खर्च वाढला. १९७७ मध्ये तेल वाहू लागले. पंचवीस वर्षे काही झाले नाही, आणि एवढा खर्च फुकट गेला असे कोणालाही वाटले असते. ३ नोव्हेंबर २००२ रोजी ७.९ प्रतीचा भूकंप झाला, देनाली विभंग सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक लांब फाटला, नळाखालची जमीन चार मीटरहून जास्त सरकली. नळ बैठकींवर घसरला. तेलाचा थेंब सांडला नाही.

आजही एक तुकडा अलास्काला येऊन लागत आहे. त्याचे नाव याकुटॅट. वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने तो आत घुसतो आहे, आणि त्याच्या रेट्याने समुद्रकाठीच ५,४८९ मीटर उंचीचा सेंट इलायस पर्वत उभा राहिला आहे. सप्टेंबर १८९९ मध्ये येथे मोठे भूकंप झाले. काही वर्षांनी टार आणि मार्टिन हे दोन अभ्यासक तेथे गेले, तर समुद्राच्या पाण्यात खडकाला चिकटून राहणाऱ्या जीवांची कवचे त्यांना भरतीच्या रेषेपासून चौदा मीटरहून अधिक उंचीवर, कोरड्या खडकावर, तशीच चिकटलेली आढळली. आपल्या चार मजली इमारतीएवढा किनारा वर आला होता. पर्वत कसे वाढतात हे पुस्तकात वाचणे वेगळे, आणि असे पाहणे वेगळे.

आता वादाचा भाग. सगळे ठरून गेले आहे असे मी सांगितले तर ती तुमची फसवणूक होईल. रँगेलिया आणि त्याचे सोबती खंडाला नेमके केव्हा लागले? काही म्हणतात १७ कोटी वर्षांपूर्वी, काही म्हणतात १० कोटीच्या सुमारास. त्याहून मोठे भांडण वेगळेच आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीतल्या सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांचा चुंबकीय झोक मोजला तर असे दिसते की, तो सगळा किनारा त्या वेळी आजच्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या अक्षांशावर होता. मर्ल बेक यांनी १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका ग्रॅनाइटवरून हे सुचवले, अर्विंग यांनी १९८५ मध्ये जोराने मांडले. नकाशे काढणारे म्हणाले, छान. मग ३ हजार किलोमीटर सरकवणारा विभंग कोठे आहे तो दाखवा. टिंटिना विभंगावरची सरक सुमारे ४३० किलोमीटर भरते, देनालीवरची चारशेच्या आसपास. बाकीचे अंतर कोठे गेले? चुंबकवाले उत्तर देतात, विभंग पुढे आलेल्या ग्रॅनाइटाने गिळला असेल. नकाशेवाले म्हणतात, तुमचा ग्रॅनाइटच एका अंगावर कलंडला असेल आणि त्यामुळे झोक चुकीचा दिसत असेल. ग्रॅनाइटाला थर नसतात, त्यामुळे तो कलंडला की नाही हे ओळखणे कठीण, हा आक्षेप वजनदार होता. मग थर असलेले वालुकाश्म आणि लाव्हा मोजले, त्यांतलेही पुष्कळ दक्षिणेकडेच बोट दाखवतात. अलीकडे वाळूतल्या झिरकॉनच्या कणांची वये काढून ते कोणत्या डोंगरातून आले हे शोधण्याचा प्रयत्न झाला. व्हँकुव्हर बेटाजवळच्या त्याच वाळूवरून एक गट म्हणतो ती कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाकडची आहे, दुसरा म्हणतो आयडाहोची. पन्नास वर्षे झाली, निकाल लागलेला नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर झोक खोटे बोलत नसावा, पण अंतर ३ हजारांहून कमी निघेल असे मला वाटते. हे मत आहे, पुरावा नव्हे.

यात २०१३ साली आणखी एक भर पडली. कारिन झिगलोख आणि मिचेल मिहालिनुक यांनी भूकंपलहरींच्या साहाय्याने उत्तर अमेरिकेच्या खाली खोलवर बुडालेल्या जुन्या समुद्रतळाच्या भिंती पाहिल्या. डॉक्टर जसे पोटाचे चित्र काढतात तसे. त्या भिंती जवळजवळ सरळ खाली लोंबताना दिसल्या. त्यावरून त्यांचे म्हणणे असे की, बेटे बरीचशी आपल्या जागीच होती, आणि अटलांटिक महासागर उघडू लागल्यावर अमेरिका खंडच पश्चिमेकडे चालत जाऊन त्यांच्यावर आपटले. म्हणजे धक्क्याला बोट लागली की बोटीला धक्का लागला, हाच प्रश्न. तोही मिटलेला नाही.

शेवटी आपल्याकडे येतो. आशियाचा दक्षिण काठ असाच ठिगळांचा आहे. चियांगतांग, ल्हासा, काराकोरम हे तुकडे दक्षिणेकडून एकामागून एक येऊन लागले. कारगिलहून लेहला जाणारा रस्ता ज्या खडकांतून जातो, त्यांत कोहिस्तान-लडाख नावाच्या एका बुडालेल्या बेटमाळेचे खडक आहेत. समुद्रातली बेटे, आज तीन-साडेतीन हजार मीटरवर. आणि सर्वांत शेवटी, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारत आला. वाटेत त्याच्या पश्चिम अंगाचा एक पोपडा सुटून मागे राहिला, तो म्हणजे सेशेल्स बेटे; तेथील काही खडकांचे वय आपल्या दख्खनच्या लाव्ह्याशी जुळते. आपले काही जहाजी बांधव तेथून अनेकदा गेले असतील.

सर्वांत मोठा तुकडा शेवटी आला आणि तो अजून थांबलेला नाही. भारत वर्षाला साधारण चार ते पाच सेंटिमीटर उत्तरेकडे जातो, आणि त्यांतले दोनेक सेंटिमीटर एकट्या हिमालयात दाबले जातात. हा दाब साठतो आणि मोकळा होतो. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास मुझफ्फराबादजवळ तो मोकळा झाला. प्रत ७.६. सत्तर हजारांहून अधिक माणसे गेली. उरी, तंगधार या आपल्या बाजूच्या गावांतही तेराशेच्या आसपास. त्या दिवशी शनिवार होता. शाळा भरलेल्या होत्या, आणि मेलेल्यांत हजारो मुले होती. खडक हलल्याने मुले मेली नाहीत. वर्गांची छपरे आणि भिंती अंगावर पडल्या. आपला दख्खन त्या काठापासून दूर आहे, तरी ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आपल्यातले कोणी विसरलेले नाही, आणि त्याचा संबंधही अभ्यासक उत्तरेकडच्या याच रेट्याशी जोडतात.

तेथेही मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीच पडल्या होत्या. दारे-खिडक्यांच्या वर, भिंतीला चारही बाजूंनी वेढणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा असला तर भिंती एकमेकींना धरून राहतात. भारतीय मानक संस्थेच्या नियमांत हा पट्टा सांगितलेला आहे आणि इमारतीच्या एकूण खर्चात त्याचा वाटा लहान असतो. वर्गखोलीसाठी देणगी देणाऱ्या पालकांनी कंत्राटदाराला फरशीचा रंग विचारण्याआधी तो पट्टा कोठे आहे हे विचारावे. मुलांपैकी कोणाला रँगेलियाच्या बेसाल्टसारखा दगड हातात घेऊन पाहावयाचा असेल, तर मी आपल्या घाटातला एक नमुना आणि एक साधे होकायंत्र बरोबर आणले आहे. बक्षीस समारंभानंतर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबतो.